तापाचे पहिले दोन दिवस

मागच्या दोन भागांत आपण भविष्य निर्वाह निधीबद्दल बोललो. आजचा विषय त्यापेक्षा छोटा वाटेल, पण महिनाअखेरीला खिशाला लागणारा आहे. नोकरदार माणूस दोन-चार दिवस आजारी पडला, तर त्या दिवसांचा पगार कोण देतं? मोठं ऑपरेशन किंवा अपघात झाला तर काय करायचं, हे लोक विचारून ठेवतात. साध्या तापाचं कुणी विचारत नाही. ताप येतो, माणूस घरी राहतो, हजेरीपटावर खाडा पडतो आणि पगार कापून येतो. तेव्हा मग प्रश्न सुरू होतात.

माझी बहुतेक नोकरी लष्करात झाली. तिथे हा प्रश्नच नव्हता. जवानाला बरं वाटत नसेल तर तो सकाळी सिक रिपोर्टला उभा राहतो, एमआय रूममध्ये डॉक्टर तपासतो आणि निर्णय देतो. गोळी घे आणि ड्यूटीवर जा, किंवा अटेंड सी म्हणजे पीटी-परेड माफ, किंवा थेट रुग्णालय. यातल्या कुठल्याही निर्णयाने पगार कापला जात नाही. आजार खरा की खोटा हे डॉक्टर ठरवतो, हवालदार मेजर नाही.

निवृत्तीनंतर मी काही वर्षं बंगळूरमध्ये सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीत प्रशासन पाहिलं. तिथे दुसरं जग दिसलं. लातूर, बीदर, बेळगावकडची मुलं बारा-बारा तास गेटवर उभी. अंगात ताप, डोळे लाल, तरी उभी. घरी जा म्हटलं तर म्हणायची, "साहेब, खाडा नको." एकाला डेंग्यू निघाला, तोपर्यंत त्याच्या चार ड्यूट्या भरून झाल्या होत्या. गंमत म्हणजे यातल्या प्रत्येकाच्या पगारातून दरमहा आजारपणाच्या विम्याचे पैसे जात होते. पगारपत्रकावर 'ईएसआय' असा एक रकाना असतो, तो कशासाठी हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. बायकोच्या बाळंतपणात दवाखाना फुकट मिळतो, एवढीच माहिती. आजारपणात पगाराच्या बदल्यात रोख पैसे मिळतात, हे दहातल्या एखाद्यालाच माहीत असायचं.

तर आधी तो विमा समजून घेऊ.

कर्मचारी राज्य विमा योजना हे तिचं नाव. इंग्रजी आद्याक्षरांवरून ईएसआय. दुसरं महायुद्ध चालू असतानाच सरकारने प्राध्यापक बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करायला सांगितलं. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्यातून १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ही संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. कायद्याचं नाव बदललं, पण योजनेचा सांगाडा तोच आहे.

दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेली आस्थापना आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कर्मचारी, असा ढोबळ नियम. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. कर्मचाऱ्याच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के घालतो. हे दर जुलै २०१९ पासूनचे. म्हणजे १८,००० पगार असेल तर तुमचे १३५ रुपये आणि कंपनीचे ५८५, मिळून ७२० रुपये दर महिन्याला तुमच्या नावावर जमा होतात. मधेच पगार वाढून २१,००० च्या वर गेला, तरी चालू सहामाही संपेपर्यंत तुम्ही योजनेत राहता.

या पैशाच्या बदल्यात आजारपणात काय मिळतं? सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. याला आजारपणाचा लाभ म्हणतात. पैसे कंपनी देत नाही, विमा महामंडळ थेट तुमच्या बँक खात्यात भरतं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सुपरवायझर वैतागून "आमच्याकडे सिक लीव्ह नाही" म्हणाला, तरी या लाभाशी त्याचा काही संबंध नाही. तो त्याच्या खिशातून जातच नाही.

आता मेख. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ मिळत नाही. कायद्याच्या भाषेत हा प्रतीक्षा काळ. तिसऱ्या दिवसापासून मीटर सुरू. आपण ज्या आजाराबद्दल बोलतोय तो बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांचाच असतो. सर्दी-ताप, पोट बिघडणं, डोळे येणं, पाठ धरणं. म्हणजे योजना मोठ्या आजाराला धावून येते आणि छोट्या आजारात नेमकी बाजूला उभी राहते. एका दिवसाच्या दाव्यांनी कार्यालयं भरून जाऊ नयेत आणि सोमवारचे आजार वाढू नयेत, असं याचं समर्थन केलं जातं. पहिल्या कारणात तथ्य आहे. दुसरं मला फारसं पटत नाही. बहाणेबाज मी पलटणीतही पाहिले, पण बहाणा ओळखायला डॉक्टर असतो. त्यासाठी खऱ्या आजाऱ्याचे दोन दिवस कापायची गरज नाही. शिवाय माणूस दोन दिवस अंगावर काढतो आणि आजार चार दिवसांचा होतो, हा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही.

प्रतीक्षा काळाला एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवा. ज्या आजारपणाचा लाभ मिळाला, ते संपल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर दोन दिवस परत कापले जात नाहीत. टायफॉइड उलटला, डेंग्यूनंतर अशक्तपणाने पुन्हा पडून राहावं लागलं, अशा वेळी हे कामाला येतं.

मग पहिल्या दोन दिवसांचं काय? इथे विमा संपतो आणि रजा सुरू होते. रजेचा कायदा मात्र राज्यागणिक वेगळा. आपले श्रोते देशभर पसरलेले आहेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तो लागू होतो, २०२५ पर्यंत ही मर्यादा दहा होती. त्यात 'आजारपणाची रजा' असा शब्दच नाही! आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे, ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्षअखेरीला उरलेली बुडते. ताप आला की हीच वापरायची. याशिवाय वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा. गुजरातेत २०१९ चा कायदा आहे, तिथेही नैमित्तिक रजा आठच दिवस. वडोदऱ्यातल्या मंडळींनी नोंद घ्यावी.

कर्नाटकात १९६१ चा कायदा जास्त उदार आहे. वर्षाला बारा दिवसांपर्यंत पगारी रजा, आजार, अपघात किंवा अन्य वाजवी कारणासाठी. तमिळनाडूच्या १९४७ च्या कायद्यात आजारपणासाठी बारा आणि नैमित्तिक बारा अशा दोन वेगळ्या रजा आहेत. दिल्लीत १९५४ चा कायदा. तिथे आजारपण आणि नैमित्तिक मिळून बारा दिवस, पुढच्या वर्षी न्यायची सोय नाही. पश्चिम बंगालमध्ये नैमित्तिक रजा दहा दिवस पूर्ण पगारी, आणि वैद्यकीय दाखल्यावर चौदा दिवस आजारपणाची रजा, पण अर्ध्या पगाराची. ही न वापरलेली रजा साठवताही येते, ५६ दिवसांपर्यंत. एकाच कंपनीच्या पुणे, बंगळूर आणि कोलकाता इथल्या तीन कर्मचाऱ्यांना एकाच दिवशी ताप आला, तर तिघांचा हिशेब तीन तऱ्हेचा होतो, तो असा.

कारखान्यात काम करणाऱ्यांना हे दुकानांचे कायदे लागू नाहीत. त्यांच्यासाठी १९४८ चा कारखाने अधिनियम होता, त्यातही वेगळी आजारपणाची रजा नव्हती, फक्त वीस दिवसांमागे एक अर्जित रजा. पण त्यात एक शहाणपणाचं उपकलम होतं. अर्जित रजेचा अर्ज एरवी पंधरा दिवस आधी द्यावा लागे, आजारपणासाठी हवी असेल तर मात्र ही मुदत माफ. ताप पंधरा दिवस आधी कळवून येत नाही, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात होतं. नव्या श्रम संहितेत अर्जित रजेसाठी लागणारे कामाचे दिवस २४० वरून १८० वर आले आहेत. हंगामी कामगाराला हा चांगलाच फायदा.

सरकारी नोकरीत 'मेडिकल लीव्ह' म्हणतात ती प्रत्यक्षात अर्धपगारी रजा असते. केंद्र सरकारात जानेवारी आणि जुलैला दहा-दहा दिवस जमा होतात. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगारी करून घेता येते, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. सरकारी मंडळींना हे पाठ असतं, त्यामुळे जास्त बोलत नाही.

आता विमा आणि रजा यांची सांगड. नियम असा की ज्या दिवसाची पगारी रजा घेतली, त्या दिवसाचा विम्याचा लाभ मिळत नाही. एका दिवसाचे दोनदा पैसे नाहीत, हे योग्यच आहे. पण पहिल्या दोन दिवसांचा लाभ तसाही मिळणार नाही, म्हणून ते दोन दिवस रजेत टाकायचे आणि तिसऱ्या दिवसापासून विमा घ्यायचा. यात बेकायदा काही नाही.

आकडे मांडून बघू. पगार १८,०००, म्हणजे सोयीसाठी दिवसाला ६०० धरू. त्याचे ७० टक्के ४२०. पाच दिवस ताप आला आणि तुम्ही काहीच केलं नाही, तर पाच खाडे, ३,००० रुपये गेले. नुसता विमा घेतला तर तीन दिवसांचे १,२६० मिळतील. दोन दिवस नैमित्तिक रजा आणि तीन दिवस विमा घेतला तर १,२०० अधिक १,२६०, म्हणजे २,४६०. तूट फक्त ५४० रुपयांची, आणि रजा खर्च झाली दोनच दिवस. पाचही दिवस रजा टाकली तर पूर्ण ३,००० मिळतील, पण महाराष्ट्रात तुमच्या आठपैकी पाच रजा एका तापात संपतील. वर्षाच्या सुरुवातीला मी तसं करणार नाही. डिसेंबरमध्ये रजा बुडायची वेळ आली असेल, तर जरूर करावं.

एक अडचण मात्र तुम्हाला येणार आहे. काही कंपन्या सांगतात, "तुम्ही ईएसआयमध्ये आहात, मग आजारपणाची रजा कशाला?" काही राज्यांत आणि काही आस्थापनांच्या बाबतीत सवलती आणि अपवाद असतात, त्यामुळे सरसकट खोटं म्हणता येणार नाही. पण शांतपणे विचारा, कोणत्या कायद्याचं कोणतं कलम तसं म्हणतं ते दाखवा. लेखी विचारलंत तर उत्तम. माझा अनुभव असा की तोंडी सांगितलेल्या निम्म्या गोष्टी कागदावर मागितल्या की नाहीशा होतात.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. लाभ आजाराने मिळत नाही, दाखल्याने मिळतो. आणि दाखला ईएसआयच्या डॉक्टरचा लागतो, म्हणजे त्यांच्या दवाखान्यातला किंवा त्यांच्या यादीवरचा. आपला माणूस काय करतो? पहिले दोन दिवस मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतो. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे दोनशे रुपये देऊन इंजेक्शन घेतो. पाचव्या दिवशी उतार पडतो. मग कुणीतरी ईएसआयची आठवण करून देतं आणि तो खासगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन शाखा कार्यालयात जातो. अशी चिठ्ठी पर्यायी पुरावा म्हणून तपासून मान्य करता येते, पण ते कार्यालयाच्या अधिकारातलं आहे, तुमच्या हक्कातलं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी दवाखान्यात जायचं. दिवसांची मोजणी तिथल्या नोंदीवरून होते. उशिरा गेलात तर तुमचा तिसरा दिवस हा त्यांचा पहिला दिवस ठरतो, आणि प्रतीक्षेचे दोन दिवस तिथून सुरू होतात.

रांग असते, मान्य. अर्धा दिवस जातो. काही ठिकाणी डॉक्टर वेळेवर नसतात. पण त्या अर्ध्या दिवसाची किंमत आपण वर काढलीच आहे.

पहिला दाखला मिळाला की तब्येत सुधारल्यावर शेवटचा, म्हणजे कामावर जायला योग्य असल्याचा दाखलाही घ्यायला हवा. अनेक जण हा दुसरा कागद घेतच नाहीत. बरं वाटलं की थेट ड्यूटीवर. मग दावा अर्धवट राहतो.

आणि गावी जायची घाई करू नका. आजारी पडलं की आईच्या हातची पेज आठवते, हे मलाही कळतं. पण लाभ घेणाऱ्याने उपचाराखाली राहावं, डॉक्टरच्या परवानगीशिवाय तो परिसर सोडू नये, बरं होण्यात अडथळा येईल असं काही करू नये, आणि तपासणीला बोलावलं तर जावं, अशा अटी आहेत. बंगळूरहून न सांगता लातूरला गेलात, तर बारीकसा कागद मोठी अडचण करतो. जायचंच असेल तर डॉक्टरला सांगून, त्याच्या परवानगीने जा. तिकडे गेल्यावर जवळच्या ईएसआय दवाखान्यात दाखवा. तुमचा विमा क्रमांक देशभर तोच असतो.

त्या क्रमांकाबद्दल दोन शब्द. तो आयुष्यभरासाठी एकच असतो. लाभ मिळायला मागच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला असावा लागतो. एप्रिल ते सप्टेंबरचे हप्ते पुढच्या जानेवारी ते जूनसाठी धरतात, ऑक्टोबर ते मार्चचे जुलै ते डिसेंबरसाठी. अगदी नव्याने योजनेत आलेल्याला रोख लाभ सुरू व्हायला साधारण नऊ महिने लागतात. औषधोपचार मात्र लगेच मिळतात. आता बघा, ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराने जुना क्रमांक न विचारता नवीनच काढला, तर कागदोपत्री तुम्ही पुन्हा नवखे झालात. परत नऊ महिने थांबा. रक्षक, सफाई कामगार, हाउसकीपिंगवाले यांच्या बाबतीत हे सर्रास होतं, कारण ठेके वर्षा-दोन वर्षांनी फिरतात. म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवशी आधार कार्डाबरोबर जुना विमा क्रमांकही द्या, आणि पहिल्या पगारपत्रकावर तोच आलाय का ते बघा.

नोकरी जाण्याची भीती हा या सगळ्यामागचा खरा विषय आहे. चार दिवस गेलो नाही तर जागेवर दुसरा उभा करतील, या धाकाने माणूस तापात गेटवर उभा राहतो. १९४८ च्या कायद्यात कलम ७३ याचसाठी घातलं होतं. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कर्मचाऱ्याला त्या काळात मालकाने काढून टाकायचं नाही, शिक्षा करायची नाही. पण इथेही दाखला हवा. फोनवर "ताप आलाय" सांगून घरी राहिलेल्याला कलमाचा आधार घेणं अवघड जातं. दाखला काढून त्याचा फोटो त्याच दिवशी सुपरवायझरला पाठवलेला माणूस वेगळ्या जागी उभा असतो. पाठवल्याची तारीख आणि वेळ मोबाइलमध्ये राहते, ती पुसू नका.

ज्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही, तेही सांगायला हवेत. घरकाम करणाऱ्या बाया, तीन-चार नोकर असलेली दुकानं, मोबाइलवरच्या ऑर्डरी पोचवणारी मुलं. दोन दिवसांचा ताप त्यांचा त्यांनीच भरायचा. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाई आजारी पडल्या तर त्यांचे दिवस कापायचे की नाही, हे ठरवणारा कायदा नाही. ते तुम्हीच ठरवता. आमच्या घरी कापत नाहीत. हा निर्णय सौभाग्यवतींचा, माझं श्रेय शून्य.

तुमच्या पगारपत्रकावर ईएसआयचा रकाना असेल तर या आठवड्यात तीन गोष्टी करा. विमा क्रमांक लिहून घ्या, घराजवळचा दवाखाना कुठला आणि किती वाजता उघडतो ते बघून या, आणि बँक खातं नोंदवलेलं आहे का ते तपासा. महामंडळाचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२५२६ आहे, तिथे हिंदीत विचारता येतं. पुढच्या भागात प्रसूती रजेबद्दल बोलू. त्यात पैशांपेक्षा तारखांचा गोंधळ जास्त असतो, म्हणून कॅलेंडर जवळ ठेवा.